कर्णबाईंनी जप्त केलेली पुस्तकं

शाळेत त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. मुलांनी त्यांचं नाव कर्णबाई ठेवलं होतं, शिक्षकांतही तेच रुळलं होतं, आणि ते दोन्ही अंगांनी चपखल बसलं होतं. एक तर त्या भूमिती शिकवत. फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला की त्यावर खडू आपटून विचारत, "कर्ण कुठाय?" आणि दुसरं म्हणजे त्यांचे कान. पाठमोऱ्या उभ्या राहून लिहीत असताना शेवटच्या बाकावर पुस्तकाचं पान उलटलं तरी त्यांना कळे. वहीचं पान वेगळं वाजतं, पाठ्यपुस्तकाचं वेगळं आणि गोष्टीच्या पुस्तकाचं त्याहून वेगळं, असं त्यांचं म्हणणं. मग मान न वळवता त्या नुसता हात मागे करत. "आण इकडे."

पुस्तक आलं की ते शिक्षकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात जाई. सत्र संपेपर्यंत ते तिथेच राहायचं, हा शाळेचा नियम. एकाच मुलाकडे दुसऱ्यांदा पुस्तक सापडलं तर पालकांना बोलावणं, हाही नियमच.

कप्प्याची किल्ली कर्णबाईंकडे होती आणि सगळं त्या किल्लीनेच झालं.

सुरुवात अगदी साळसूद होती. पालकसभेत "आजकालची मुलं काय वाचतात" यावर त्यांना बोलायचं होतं. अर्थात विरुद्धच बोलायचं होतं. शत्रूची माहिती हवी म्हणून त्यांनी कप्प्यातली एक जाड कादंबरी पिशवीत टाकली आणि बसमध्ये उघडली. एका बुडत्या शहरातली मुलगी, तिचा हरवलेला भाऊ, मागे लागलेले शिपाई. बाईंचा थांबा कधी आला आणि कधी गेला ते त्यांना समजलंच नाही. परत चालत यावं लागलं, आणि चालतानाही बोट पानातच.

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताईने सारी नोकरी टेलिफोनच्या कार्यालयात केली होती. तिच्या आवाजाला अजून धार होती, पण नजरेच्या मधोमध डाग पडल्यामुळे वाचन सुटलं होतं. बाई तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत. त्या संध्याकाळी वर्तमानपत्राची घडी मोडलीच नाही.

"हे काय वाचतेयस?" ताईने विचारलं.

"पोरांचं आहे. फालतू."

"मग पुढे वाच की. थांबलीस का?"

तेव्हापासून कप्प्यातली पुस्तकं पाळीपाळीने घरी येऊ लागली आणि गुपचूप परत जाऊ लागली. कुंपणच शेत खात होतं, आणि खाताना मिटक्याही मारत होतं. त्या पुस्तकांवरून दोघी बहिणी इतक्या भांडत की शेजारच्यांना वाटे, यांची वाटणी चालली आहे.

कर्णबाईंची मतं पक्की असत. "सोळा वर्षांची कार्टी आठवड्याभरात राज्य उलथवते, आणि त्या आठवड्यात तिला एकदाही भूक लागत नाही, केस विंचरावे लागत नाहीत, पोटात दुखत नाही. माझ्या वर्गातल्या पोरींना दुसऱ्या तासाला भूक लागते!" हे बुडत्या शहराबद्दल. दुसरी एक कादंबरी आजारी मुलाच्या प्रेमाची होती. तिच्यावर ताईचाच आक्षेप होता, की आजारी मुलगा प्रत्येक वेळी देखणा आणि विनोदी कसा काय असतो? चिडका, कुरूप मुलगा मेला तर रडू येणार नाही का? आणि एका लेखकाने तर सगळी कादंबरी कवितेसारखी, ओळी तोडून तोडून लिहिली होती. बाई म्हणाल्या, "ओळ तोडली की कविता होते होय? हात तोडला म्हणजे पुतळा होतो का?" पण त्याच कादंबरीत मुलगा वडिलांचा शर्ट घालून नोकरीच्या मुलाखतीला जातो आणि बाह्या लांब पडतात म्हणून हात टेबलाखाली ठेवतो, तिथे त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. "हे बाकी खरं आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

आणखीही एक मत होतं, ते त्यांनी ताईलाही उघडपणे सांगितलं नव्हतं. या पुस्तकांतले मोठे लोक त्यांना ओळखीचे वाटत. दारात उभे राहून "अभ्यास झाला का?" एवढंच विचारणारे. मुलं आत काहीतरी भयंकर सोसत असतात आणि मोठ्यांना फक्त पानाचा आवाज ऐकू येतो.

चित्रकादंबऱ्यांना मात्र त्या हात लावत नसत. त्या कादंबऱ्या म्हणजे वाचायचा कंटाळा असलेल्यांची सोय, असं त्यांचं ठाम मत. ते मोडलं एका मुलीमुळे.

मुलगी खिडकीशेजारी बसे, म्हणून बाई तिला खिडकीवाली म्हणत. गणितात बरी, बोलायला कमी. तिच्याकडून जप्त झालेल्या चित्रकादंबरीचं नाव होतं 'सातवा मजला'. एका उंच इमारतीत राहणारी मुलगी आणि अंथरुणातून न उठणारी तिची आई, एवढीच गोष्ट. पानंच्या पानं शब्दच नव्हते. बाईंनी आधी फक्त फुग्यांतले शब्द वाचले आणि वरण भुरकावं तसं पुस्तक संपवलं. ताईला म्हणाल्या, "काही नाही गं यात."

"चित्रं सांग ना मग."

चित्रं सांगायची म्हणजे आधी बघावी लागतात. बाई सांगू लागल्या. मुलगी शाळेतून येते. दार उघडते. आईच्या खोलीचं दार बंद. दाराबाहेर सकाळी ठेवलेलं ताट. ताटात साय धरलेला चहा. मुलगी ताट उचलते, चहा ओतून टाकते, कप धुते, नवा चहा करते, तोच कप परत दाराबाहेर ठेवते. आणि आई कुठेच दिसत नाही, फक्त भिंतीचा रंग चौकटीगणिक निळा होत जातो. सांगता सांगता बाईंना कळलं, की ही सगळी गोष्ट मघाशी आपल्या डोळ्यांखालून गेली आणि आपल्याला दिसली नाही. ताई खुर्ची ओढून जवळ सरकली. मग म्हणाली, "धाकटे, आई उठते का शेवटी?"

"पुढचा भाग असणार."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई एकट्याच शिक्षकांच्या खोलीत बसून पुस्तक पुन्हा बघत होत्या. ताटाच्या पानाशी आल्या, डोळ्यांना रुमाल लावला आणि मान वर केली, तर अर्ध्या उघड्या दारात खिडकीवाली उभी. वह्यांचा गठ्ठा घेऊन आली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी पुस्तक झाकलं नाही, झाकण्यात अर्थही नव्हता. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "याचा पुढचा भाग निघालाय का?"

"हो बाई."

"बरं. वह्या ठेव तिथे."

त्यानंतर सोमवारी भूमितीच्या तासाला बाई फळ्यावर लिहीत असताना मागे पान वाजलं. हळू नाही, चांगलं खणखणीत. बाई वळल्या. खिडकीवालीने पुस्तक बाकाखाली नव्हे, बाकावर उघडं ठेवलं होतं आणि ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. 'सातवा मजला', भाग दुसरा. बाईंना क्षणभर कळलं नाही, आणि कळलं तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोरगी पुस्तक त्यांच्यासाठीच घेऊन आली होती. उघडपणे द्यायची सोय नव्हती, म्हणून जप्त व्हायला आणलं होतं. बाईंनी ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "आण इकडे," आणि मुलीने ते आणून हातात दिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

दुर्दैव असं, की मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, नेमक्या तेव्हाच व्हरांड्यातून जात होत्या. त्या दारात थांबल्या. "पुन्हा हीच मुलगी? कर्णबाई, दुसरी वेळ ना ही? मग वडिलांना बोलवा."

बाईंनी तिथेच काही बोलायला हवं होतं. त्यांनी खडू उचलला.

वडील आले ते कामावरून, लिफ्ट दुरुस्तीची हत्यारांची पिशवी खांद्याला, बोटांच्या पेरांत काळं वंगण. खुर्ची मळेल म्हणून बसेनात. मुलगी भिंतीला टेकून उभी. मोठ्या बाईंच्या टेबलावर दोन्ही भाग ठेवलेले. दुसरा भाग बाईंनी आदल्या संध्याकाळीच ताईला चित्र न् चित्र सांगून संपवला होता. दोघी बहिणी त्यावर जेवण विसरून बोलत बसल्या होत्या. बाईंच्या मते त्या कप्प्यात आजवर जमा झालेल्या सगळ्या पुस्तकांत हे सर्वांत उत्तम होतं.

मोठ्या बाईंनी पानं चाळली. "सगळं उदास दिसतंय. अंधार, बंद दारं. हे काय वाचायचं वय आहे?"

वडील म्हणाले, "मला पुस्तकातलं काही कळत नाही बाई. हिच्या मावशीने पाठवलं. वाईट आहे का?"

"कर्णबाई, तुम्ही बघितलंत ना? काय मत आहे तुमचं?"

मत! ज्यांची मतं शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू जात, त्यांना मत विचारलं होतं. बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बाई आता सांगणार, अशी खात्रीच होती. आणि बाईंच्या मनात आलं, की आता खरं बोलावं तर सगळंच सांगावं लागेल. किल्ली, पिशवी, ताई, रुमाल. उद्या शिक्षकांच्या खोलीत हसं होईल. वर्गात कोणी धाक मानणार नाही.

"वरवर चाळलं मी," त्या म्हणाल्या. "चित्रंच आहेत. या वयाला योग्य नाही."

बोलल्यावर त्यांनी मुलीकडे पाहायचं टाळलं, तरी नजर गेलीच. मुलगी त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती वडिलांच्या पिशवीच्या पट्ट्याकडे बघत होती. तिने तोंड उघडून "बाई स्वतः वाचत होत्या, रडत होत्या" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिने म्हटलं नाही.

वडिलांनी मान हलवली. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल. टाकून द्या." शिपायाने दोन्ही भाग रद्दीच्या गठ्ठ्यात घातले. मुलीचा ग्रंथालयाचा तास बंद झाला, आणि त्या तासाला तिने कर्णबाईंसमोर बसून गणितं सोडवावीत असं ठरलं. वरून बाईंनाच शाबासकी मिळाली, की लक्ष असतं तुमचं.

ते तास बाईंच्या आयुष्यातले सर्वांत लांब तास झाले. रिकामा वर्ग, समोर ती मुलगी, मान खाली घालून गणितं सोडवतेय. चुकत नव्हती. रुसलेली नव्हती, उद्धट नव्हती. "हो बाई", "नाही बाई", "झालं बाई". एखाद्या सरकारी खिडकीवर माणूस जेवढं बोलतो तेवढंच. तिने फणकारा दाखवला असता तर बाईंना रागवायला काही निमित्त तरी मिळालं असतं. एकदा त्यांनी विचारलं, "घरी सगळं ठीक?" मुलीने पेन्सिलीचं टोक बघितलं आणि म्हणाली, "हो बाई. पुढचं कोणतं करू?"

रद्दीचा गठ्ठा शोधायला बाई गेल्या होत्या. तो केव्हाच गेला होता.

ताईला सांगायचं त्या टाळत होत्या. पण ताई आवाजावरून माणूस ओळखणारी. "कप्पा आटला की काय गं? हल्ली काही आणत नाहीस."

मग बाईंनी सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं. भांडी विसळता विसळता सांगितलं, म्हणजे ताईकडे तोंड करावं लागणार नाही.

ताईने ऐकून घेतलं. "म्हणजे त्या पोरीने तुझी लाज राखली, आणि तू तिची वाट लावलीस."

"नोकरी आहे ताई. मान असतो माणसाला."

"कसला मान? आंधळी मी आहे, तरी मला तू चित्रं दाखवलीस. आणि त्या डोळस बापाला म्हणालीस, चित्रंच आहेत." ताई भिंत चाचपत आपल्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, "आता मला काही वाचून दाखवू नकोस. वर्तमानपत्रही नको."

बाई नळ सुरू ठेवून तशाच उभ्या राहिल्या. साठीला टेकलेल्या बाईला, शाळेत चिठ्ठी सापडलेल्या पोरीसारखं कानकोंडं झालं होतं. तसं पाहिलं तर ते पुरेसंही नव्हतं, हेही त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. उभ्यानेच सांगितलं, की पुस्तक मी वाचलं होतं, पहिला भागही आणि दुसराही. चांगलं आहे. मी खोटं बोलले. आणि दुसरा भाग मुलीने माझ्यासाठीच आणला होता. मोठ्या बाई आधी हसल्या, मग त्यांना हसावं की नाही ते कळेना. "अहो, झालं गेलं. कशाला उकरून काढता? तुमचंच नाव खराब होईल." शेवटी त्यांनी मुलीचा ग्रंथालयाचा तास परत दिला. वर म्हणाल्या, "वडिलांना मात्र तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

मुलीचं घर शाळेपासून फार लांब नव्हतं. दार वडिलांनी उघडलं. मुलगी दुकानात गेली होती. छोटी खोली, टापटीप. कपडे घडी करून खुर्चीवर रचलेले, पण बाईमाणसाच्या हातची घडी नव्हती ती. वडील हळू आवाजात बोलत होते आणि बाईंनाही त्यांनी खुणेनेच हळू बोलायला सांगितलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्या दाराबाहेर, जमिनीवर, झाकण ठेवलेलं ताट होतं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं उगाच म्हणतात असं बाईंना आजवर वाटत होतं.

"बरं नसतं तिला," वडील दाराकडे न बघता म्हणाले. "बरेच दिवस झाले. कोणाला सांगत नाही आम्ही. पोरीलाही सांगितलंय, बाहेर बोलायचं नाही."

"ते पुस्तक," बाई म्हणाल्या, "ते याचंच होतं. अशाच एका घराचं. मला माहीत होतं ते पुस्तक काय आहे. मी त्या दिवशी खोटं बोलले तुमच्याशी."

वडील बोटांवरचं वंगण अंगठ्याने घासत राहिले. आवाज चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मला काय कळतं बाई. मला वाटलं, ही उगाच दुःखाचं वाचते, त्याने आणखी खचेल. तुम्ही चांगलं आहे म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं. मीही वाचलं असतं कदाचित. तुम्ही शिकवणाऱ्या, म्हणून तुमच्या शब्दावर टाकलं."

एवढ्यात मुलगी आली. हातात पावाचा पुडा. तिने बाईंना पाहिलं, मग दाराबाहेरच्या ताटाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. बाईंनी पिशवीतून नवे आणलेले दोन्ही भाग काढले. त्यासाठी त्या शहरभर हिंडल्या होत्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. एका विद्यार्थिनीला त्या हे पहिल्यांदाच म्हणत होत्या, आणि ते वाक्य किती तोकडं असतं हेही त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

मुलीने पुस्तकं घेतली नाहीत. "मला पाठ आहेत बाई," ती म्हणाली. "बाबांना द्या." आणि ताट उचलून ती आत स्वयंपाकघरात गेली.

बाईंनी पुस्तकं वडिलांच्या हातात दिली आणि निघाल्या.

त्यापुढे त्यांनी एक केलं. ग्रंथालयाच्या तासाला वर्गासमोर उभ्या राहून त्यांनी कबूल केलं, की जप्त केलेली पुस्तकं आपण घरी नेऊन वाचतो. वर्गात असा हशा उसळला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावले. आठवडाभर मुलं त्यांच्याकडे चोरून बघत हसत होती. फळ्यावर कोणीतरी "कर्ण कुठाय?" च्या खाली "कप्प्यात" असं लिहिलं. बाईंनी ते पुसलं, कोणी लिहिलं ते विचारलं नाही. कप्प्यातली पुस्तकं त्यांनी परत केली आणि प्रत्येकाबरोबर आपलं मतही ऐकवलं. मुलंही मतं सांगू लागली. बुडत्या शहरावरून तर वर्गात दोन तट पडले.

'सातवा मजला'बद्दल बोलायची बाईंना बरेच दिवस हिंमत होत नव्हती. मग एकदा एका मुलानेच विचारलं, ते पुस्तक कसलं होतं हो? बाईंनी खिडकीकडे न बघता सांगितलं. फार चांगलं पुस्तक आहे, शब्द कमी आणि सांगणं जास्त. आणि मला त्याचा शेवट आवडला, कारण शेवटी आई जिना उतरून खाली येते. ती बरी होते.

"नाही बाई."

खिडकीवाली उभी राहिली होती. इतक्या दिवसांत वर्गात "हो बाई"खेरीज तिचा हा पहिला शब्द. "ती बरी नाही झाली. ती फक्त दूध आणायला उतरली. त्या दिवशी जमलं म्हणून. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत, तुम्ही बघितल्या नाहीत. उद्या ती उतरेलच असं नाही. मुलीला ते माहीत आहे, म्हणून ती धावत जात नाही, नुसती वरून बघते."

बाईंचा चेहरा तापला. चपला त्यांनी खरंच बघितल्या नव्हत्या. ताईलाही त्यांनी चुकीचाच शेवट सांगितला होता, कारण त्यांना सुखाचा शेवट हवा होता. तो त्या पोरीसाठी नव्हे, स्वतःसाठी हवा होता, हेही त्यांना त्या क्षणी नीट कळलं.

"माझं मत चुकलं," त्या म्हणाल्या. "आणखी काय आहे त्यात, जे मी बघितलं नाही?"

मुलीने थोडा विचार केला. माफ केल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. गणित चुकलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने बाईंकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. बाई समोरच्या बाकावर, मुलांमध्ये बसल्या आणि मान खाली घालून ऐकत राहिल्या.